समजावून सांगणे ही रुग्णालयाची जबाबदारी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

इंग्रजी जेमतेम येणाऱ्या किंवा मुळीच न येणाऱ्या लॅटिनो स्त्रियांची अमेरिकेतील दवाखान्यांत कशी परवड होते, याविषयीचा मजकूर आपल्या पुरवणीत नुकताच वाचला. तो देश श्रीमंत, तिथली व्यवस्था निराळी, आणि आपल्याकडील दुखणी त्याहून जुनी, हे सगळे मान्य. तरीही बीड आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांवर नोकरी करून आरोग्य साहाय्यिका म्हणून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला त्या मजकुरातले फारच थोडे परके वाटले. त्या निमित्ताने मराठवाड्यातील एका दुर्लक्षित प्रश्नाकडे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावीच लागली तर अमेरिकेचा भाग कमी करावा, ऊसतोडीचा तेवढा राहू द्यावा, ही विनंती.

आधी तिकडचे थोडे. अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत लॅटिनो किंवा हिस्पॅनिक म्हणून नोंद झालेल्यांची संख्या 6 कोटी 21 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे 19 टक्के होती. घरात स्पॅनिश बोलणारेच 4 कोटींच्या आसपास आहेत. यातील बहुतेकांना इंग्रजी उत्तम येते आणि तिथेच जन्मलेल्या पिढीची तर तीच व्यवहाराची भाषा आहे. प्रश्न आहे तो मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर अशा देशांतून मोठ्या वयात आलेल्या, शेतमजुरी, हॉटेलांची साफसफाई, मांस कारखान्यांतील कामे किंवा लोकांची मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांचा. विमा नसलेल्यांचे प्रमाण तिथल्या सर्व मोठ्या समाजगटांत हिस्पॅनिकांमध्ये बरेच वर आहे. कामावर एक दिवस न गेल्यास मजुरी बुडते आणि ज्यांच्याकडे वास्तव्याची कागदपत्रे नाहीत त्यांना दवाखान्याच्या दारातसुद्धा धाकधूक असते. यात भाषेची भर पडली की बाई दुखणे अंगावर काढते. वेळेवर तपासणी झाली तर बव्हंशी टाळता येणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग तिथल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा हिस्पॅनिक स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, त्याचे कारण या सगळ्या साखळीत आहे.

परंतु त्या देशाने एक गोष्ट कायद्याने मान्य केली, आणि माझ्या मते आपण तिकडे बारकाईने पाहायला हवे. 1964 च्या नागरी हक्क कायद्यात, सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला मूळ देशावरून भेदभाव करता येणार नाही, असे कलम आहे. इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांच्या शिक्षणासंबंधीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली त्या कायद्याचा आधार घेऊन निकाल दिला आणि भाषेमुळे माणसाला सेवेबाहेर ठेवणे हाही भेदभावच ठरू शकतो, हे त्यातून पुढे आले. 2000 साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सरकारी खात्यांना तशी व्यवस्था करण्यास सांगण्यात आले आणि 2010 च्या आरोग्य कायद्यात भेदभावबंदीचे स्वतंत्र कलम आले. त्याखालील नियमांप्रमाणे रुग्णालयाने दुभाष्याची सोय विनामूल्य करायची असते, तो दुभाषी प्रशिक्षित असावा लागतो, आणि जिवावर बेतलेला तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलाकडून दुभाष्याचे काम करून घेता येत नाही. संगणकाने केलेले भाषांतर महत्त्वाच्या वैद्यकीय मजकुरासाठी वापरायचे झाल्यास ते जाणकार माणसाने तपासावे, असेही 2024 च्या नियमांत आहे. मार्च 2025 मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा घोषित करताना तेथील राष्ट्राध्यक्षांनी 2000 सालचा आदेश मागे घेतला, पण मूळचे दोन्ही कायदे त्यामुळे रद्द झालेले नाहीत. अंमलबजावणीच्या नावाने तिथेही ओरड आहेच. तरी दुभाषी शोधून आणणे हे रुग्णाचे काम नव्हे, ते रुग्णालयाचे काम आहे, एवढे तरी तिथे लेखी ठरलेले आहे.

हे सहजासहजी ठरले नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या काउंटी रुग्णालयात बाळंतपणासाठी आलेल्या मेक्सिकन वंशाच्या अनेक स्त्रियांच्या संततिनियमनाच्या शस्त्रक्रिया केल्या गेल्या. त्यांच्यापैकी कित्येकींच्या सह्या कळा सुरू असताना, इंग्रजीत छापलेल्या संमतिपत्रांवर घेतलेल्या होत्या. आपल्याला पुन्हा मूल होणार नाही, हे काहींना पुढे बऱ्याच काळाने कळले. त्यांच्यापैकी दहा जणींनी 1975 साली खटला भरला आणि 1978 साली त्या हरल्या. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील संवाद तुटल्यामुळे हे घडले, त्यात डॉक्टरांचा दुष्ट हेतू नव्हता, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. मला या निकालाचा राग येतो तो याच कारणासाठी, की संवाद आपोआप तुटत नाही. समोरच्या बाईला काय समजले, हे पाहण्याची कुणाचीच जबाबदारी नसते, तेव्हा तो तुटतो. मात्र याच सुमारास केंद्र सरकारच्या निधीतून होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांसाठी नियम कडक झाले. संमती आणि शस्त्रक्रिया यांच्यात साधारणतः 30 दिवसांचे अंतर हवे, कळा चालू असताना संमती घेऊ नये, आणि संमतिपत्राची भाषा रुग्णाला येत नसेल तर दुभाषी द्यावा, असे त्यांत आहे.

हे वाचताना बीड जिल्ह्यातील कोणालाही काय आठवेल, हे सांगायला नको. 2016-17 ते 2018-19 या तीन वर्षांत जिल्ह्यातील 99 खासगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशये काढण्यात आली, अशी माहिती 2019 च्या जूनमध्ये विधिमंडळात देण्यात आली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या निमित्ताने 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांवर महिलांची पिशवी काढलेली आढळली. या शस्त्रक्रियांमागे खाड्याची, म्हणजे कामाचा दिवस बुडण्याची धास्ती होती, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, फेडण्याचा घोर होता, उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी अशी स्थिती होती, आणि काही ठिकाणी निव्वळ पैशाचा लोभही होता. भाषा हे त्यांतील मुख्य कारण नव्हे, हे मी आधीच सांगून टाकते. परंतु पंचविशी-तिशीतल्या ज्या बायकांशी मी स्वतः बोलले, त्यांना विचारले असता उत्तर ठरलेले असे, “पिशवीला सूज हाय, कॅन्सर हुईल म्हनले.” सूज म्हणजे नेमके काय, औषधांनी ती जाते का, अंडाशयेही काढली का, काढल्यावर हाडांचे आणि अंगाच्या उष्णतेचे काय होईल, यातले एक अक्षर त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. हातातील कागद इंग्रजीत होते. संमतिपत्रावर अंगठा किंवा सही होती आणि कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले होते. या शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली आणि अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबतच्या मार्गदर्शक सूचना लागू करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये राज्यांना सांगितले, हे योग्यच झाले. पण परवानगी डॉक्टरला डॉक्टर देतो. बाईला समजले की नाही, हा रकाना त्या व्यवहारात अजूनही कुठे दिसत नाही.

आपल्याकडे कायदा नाही म्हणून हे होते, असेही म्हणता येत नाही. गर्भलिंग निदान प्रतिबंधाच्या 1994 च्या कायद्यात, गर्भवतीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी आणि तिची प्रत तिला द्यावी, असे स्पष्ट कलम आहे. म्हणजे तीस वर्षांपूर्वीच आपल्या संसदेने हे तत्त्व एका विषयापुरते तरी मान्य केले. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने, तपासणीपुरती घेतलेली संमती गर्भाशय काढण्यासाठी चालणार नाही आणि रुग्णाला पुरेशी माहिती देऊनच संमती घ्यावी लागेल, असा निकाल दिला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत 17 हक्क आहेत आणि आजाराची व उपचारांची माहिती रुग्णाला त्याच्या भाषेत मिळावी, हे त्यांत आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत 2021 साली दुरुस्ती झाल्यापासून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ती लावलेलीही असते, बहुधा औषधाच्या खिडकीशेजारी, जिथे गर्दीमुळे कुणाला उभे राहता येत नाही.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगते. नांदेड जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी बदलीवर काम करत होते. तांड्यावरची एक म्हातारी नातवाला घेऊन बाह्यरुग्ण विभागात आली. तिला गोरमाटी या बंजारा बोलीखेरीज काही येत नव्हते, म्हणजे मराठीतले दहा-वीस शब्द येत होते, पण ते बाजारातले. नातू सातवीत होता, गणवेशातच होता, शाळा बुडवून आला होता. डॉक्टर भला माणूस, परंतु राजस्थानचा, मराठी नवीनच शिकलेला. त्याने हिंदीत विचारले, मुलाने आजीला विचारले, आजीने बरेच काही सांगितले आणि मुलगा म्हणाला, “पोट दुखतंय.” डॉक्टरने पुन्हा विचारले. आजी पुन्हा बरेच बोलली, हाताने खुणाही केल्या. मुलाने मान खाली घातली आणि पुन्हा म्हणाला, “पोटच दुखतंय.” त्या म्हातारीचे अंग, म्हणजे गर्भाशय, खाली सरकून बाहेर येत होते. चार वर्षांपासून ती फडक्याने बांधून कामाला जात होती आणि आता तिथे जखम होऊन पू येऊ लागला होता. बारा वर्षांच्या पोराने आपल्या आजीविषयी हे परक्या पुरुषासमोर कोणत्या तोंडाने सांगावे? आमच्याकडील सफाई कर्मचारी महिला बंजारा होती, तिला मी हाक मारली, मुलाला बाहेर बसवले, आणि पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला. नसती ती बाई त्या दिवशी कामावर, तर पोटदुखीच्या गोळ्या घेऊन आजी तांड्यावर परत गेली असती. तिकडच्या नियमांत लहान मुलांकडून दुभाष्याचे काम घेण्यास मनाई का आहे, हे समजायला मला कोणत्याही अहवालाची गरज पडली नाही.

मराठवाडा म्हणजे सगळे मराठी, अशी मुंबई-पुण्याकडे समजूत असते, आणि आपल्याकडील अधिकाऱ्यांचीही ती असते. देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात तेलुगू घराघरांत आहे. उदगीर, निलंगा, उमरगा भागात कन्नड आहे. किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी आहे. दखनी उर्दू तर परभणीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत सर्वत्र आहे आणि गोरमाटी बोलणारे तांडे आठही जिल्ह्यांत आहेत. जनगणनेत लमाणी आणि बंजारी या भाषा हिंदीखाली मोजल्या जातात, त्यामुळे कागदावर तांड्यावरची ती म्हातारी हिंदी भाषक ठरते आणि डॉक्टरने तिच्याशी हिंदीत बोलणे हा सरकारी हिशेबाने शंभर टक्के योग्य संवाद ठरतो. अमेरिकेतही नेमके हेच होते. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या माया स्त्रिया माम किंवा किचे या आपल्या भाषा बोलतात, मेक्सिकोतून आलेल्या काही मिश्तेको बोलतात, आणि त्यांच्यातल्या अनेकींना स्पॅनिशही नीट येत नाही. नावावरून आणि देशावरून त्यांना लॅटिनो समजून स्पॅनिश दुभाषी दिला जातो आणि व्यवस्था केल्याची नोंद होते. सोय केल्याची नोंद आणि सोय होणे यांत फरक आहे, तो तिथेही आहे.

मराठी बोलणाऱ्या बाईची स्थिती फार बरी आहे, असेही नाही. राज्याची राजभाषा मराठी, कायदा 1964 चा, आणि सरकारी रुग्णालयातून घरी सोडताना दिले जाणारे कार्ड बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. खासगीत तर विचारायलाच नको. वैद्यकीय पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत रात्रपाळीला असलेला निवासी डॉक्टर केरळचा, तेलंगणाचा किंवा उत्तरेकडचा असणे स्वाभाविक आहे, आणि ही मुले जीव तोडून काम करतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एमबीबीएसच्या 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी स्थानिक भाषेची तोंडओळख आहेच. पण तिथे “तुमचे नाव काय, तुम्ही कुठे राहता” इथवर मजल जाते. अंगावरून जाणे, धुपणी, कंबर भरून येणे, अंग बाहेर येणे, दिवस राहणे ही इकडच्या बाईची बोली त्या पुस्तकात येत नाही आणि ती शिकवायला कुणा प्राध्यापकाची गरजही नाही. वॉर्डातली जुनी आया एका आठवड्यात शिकवील, फक्त तिला तसे सांगितले पाहिजे आणि त्या कामाचे दोन पैसे दिले पाहिजेत. जाता जाता एक आठवण करून देते. आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो, तिथे 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकशास्त्रासकट सगळे शिक्षण उर्दूतून दिले जात होते. मराठवाड्यातल्या कुणब्याच्या घरात ती उर्दूही परकीच होती, तेव्हा मी त्या व्यवस्थेचे गोडवे गात नाही. देशी भाषेत वैद्यक मांडताच येत नाही, हा आक्षेप मात्र आमच्या आजोबांच्या पिढीनेच खोटा ठरलेला पाहिला होता.

सर्वांत बिकट अवस्था ऊसतोडीला राज्याबाहेर जाणाऱ्या बायकांची आहे, आणि अमेरिकेतील शेतमजूर स्त्रियांशी त्यांचे साम्य अक्षरशः बोट ठेवून दाखवता येते. दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्यांना निदान भाषा मराठी मिळते. बेळगाव, बागलकोट, विजयपूर या भागांतील कारखान्यांवर गेलेल्यांना तेवढेही नाही. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, त्यांचा मुक्काम कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, गावापासून लांब, आणि बाहेरच्या जगाशी बोलणारा एकच माणूस, तो म्हणजे टोळी घेऊन जाणारा मुकादम. अमेरिकेतही शेतमजुरांच्या टोळ्यांचा कंत्राटदार हा मजुराचा मालकही असतो आणि दुभाषीही. बाईने दवाखान्यात किती वेळ बसावे, तिला दाखल करावे की नाही, यात ज्याचा पैसा गुंतलेला आहे, त्याच्याच तोंडून तिचे दुखणे डॉक्टरपर्यंत पोहोचते.

केज तालुक्यातील एक बाई अशीच बागलकोटकडे गेली असताना नऊ महिने भरून बाळंत झाली. जाण्यापूर्वी आमच्या उपकेंद्रात तिची नोंद होती आणि तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्याचे माता-बाल संरक्षण कार्डावर लाल शाईने लिहिलेले होते. ते कार्ड कोपीत राहिले. तिथल्या दवाखान्यात, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, “डागदर इचारत व्हते, मुकादम सांगत व्हता, मला कुनी इचारलंच न्हाई.” परत आल्यावर तिने माझ्यासमोर एक घडी घातलेला कागद ठेवला. छापील मजकूर कन्नड, त्यावरील हस्ताक्षर घाईचे आणि तेही कन्नड. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाल्यास अशा बाईला बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी हे इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर पुढच्या खेपेला पोटातील गर्भाला धोका संभवतो. ते दिले होते का, हे त्या कागदावरून मला कळेना. अखेर उदगीरच्या एका ओळखीच्या शिक्षकांना मोबाइलवर कागदाचे छायाचित्र पाठवले. त्यांनी वाचून सांगितले की इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितले होते. ते कुणी आणलेच नव्हते, कारण आणायचे आहे, हे त्या बाईला किंवा तिच्या नवऱ्याला कळलेलेच नव्हते. मुकादमाला ते सांगितले होते की नाही, याचा छडा लागला नाही. तिथल्या डॉक्टरांनी आपले काम केले होते, असेच मी म्हणेन. त्यांचे सांगणे आणि त्या बाईचे ऐकणे यांच्यामध्ये जी जागा होती, ती कुणाच्याच नोकरीत बसत नव्हती.

अमेरिकेने फिरत्या शेतमजुरांसाठी 1962 साली स्वतंत्र आरोग्य कायदा केला आणि त्यातून शेतीच्या पट्ट्यात दवाखाने उभे राहिले. तेथे स्पॅनिश बोलणाऱ्या, त्याच वस्तीतील, थोडेफार प्रशिक्षण दिलेल्या स्त्रिया घरोघर जातात, तपासणीचे महत्त्व सांगतात, वेळ ठरवून देतात, पहिल्या खेपेला सोबतही जातात. त्यांना प्रोमोतोरा म्हणतात. त्यांच्यामुळे स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीला येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढते, असे तिकडच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. हे वाचून आपल्याकडील कुणीही म्हणेल की ही तर आशाताई. खरेच आहे, आणि 2005 साली सुरू झालेली ही व्यवस्था आपल्याकडे आता देशभर आहे. तिला नियमित पगार नाही, कामावर आधारित मोबदला आहे, आणि त्या मोबदल्याच्या यादीत बाईसोबत बसून तिचे डॉक्टरांना समजावून सांगणे हे काम नाही.

बाईमाणसाने घरी जाऊन तिच्या भाषेत सांगितले तर काय घडू शकते, याचे उदाहरण शोधायला अमेरिकेत जायची तशी गरज नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वाखाणला गेला. या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. तुलनेसाठीच्या गटातील बायकांची तपासणीच केली नाही, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते मला रास्त वाटतात. पण ज्या बायका डॉक्टरच्या टेबलावर आयुष्यात कधी चढल्या नव्हत्या, त्यांच्यापैकी बोलावलेल्या बहुसंख्य बायका त्या तपासणीला आल्या, हेही खरे आहे. या तपासणीला काय म्हणतात, ती कशी करतात, दुखते का, नवऱ्याला सांगावे लागेल का, ही सगळी उत्तरे त्यांना तपासणीच्या आधी आणि स्त्रीच्या तोंडून मिळाली होती.

या पार्श्वभूमीवर आरोग्य खात्याकडे आणि आपल्या भागातील लोकप्रतिनिधींकडे माझे काही म्हणणे आहे. नवे खाते, नवी इमारत, नवे महामंडळ यांपैकी काहीही मी मागत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याच्या कामात, या बाईला कोणती भाषा येते हे केसपेपरवर लिहिणे आणि ती बोलणारा माणूस मिळवून देणे, हे घालावे. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात परिचारिका, शिपाई, आया, सफाई कर्मचारी यांपैकी कोणाला गोरमाटी, तेलुगू, कन्नड, दखनी येते, याची यादी करून तिचा फोन क्रमांकासह तक्ता केसपेपरच्या खिडकीवर लावावा, त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, आणि बाईचे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही हे त्यांत पहिल्यांदा शिकवावे. हे काम फुकट करून घेऊ नये, त्यासाठी भत्ता ठेवावा. आमच्या त्या सफाई कर्मचारी बाईने अशा किती आज्यांना वाचवले असेल, तिच्या सेवापुस्तकात त्याची एक ओळ नाही. जिथे असा माणूसच नाही तिथे 104 या आरोग्य सल्ला वाहिनीवर ही भाषांची सोय करता येईल. अमेरिकेत फोनवरून आणि व्हिडिओवरून दुभाषी मिळण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि आपल्याकडे फोन आता कोपीतही आहे.

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राबाबत मात्र मी आग्रही आहे. गर्भाशयाची शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर संमती आणि शस्त्रक्रिया यांत काही दिवसांचे अंतर सक्तीचे असावे, संमतिपत्र मराठीत असावे, मराठी न येणाऱ्या बाईला ते कोणी कोणत्या भाषेत सांगितले याची सहीनिशी नोंद असावी, आणि सांगणारा माणूस तिचा नवरा, सासू, मुकादम किंवा मूल नसावा. आपल्याला काय झाले आहे, काय काढणार आहेत आणि न काढल्यास दुसरा इलाज काय, हे बाईने उलट आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय तिचा अंगठा घेऊ नये. यावर डॉक्टर मंडळींचा ठरलेला आक्षेप असा, की रोज दोनशे पेशंट तपासायचे तर हे करायला वेळ कुठून आणायचा. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीपुरता तो मला मान्य आहे, म्हणून तर वरचा तक्ता आणि वरची माणसे मागितली. पूर्वनियोजित शस्त्रक्रियेला मात्र वेळ नाही, हे मला पटत नाही.

ऊसतोडीसाठी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही सरकारांनी मिळून एक छोटे कार्ड काढावे. त्यावर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड असावे आणि रक्तगट, बाळंतपणाची अंदाजे तारीख, आधीची शस्त्रक्रिया, दिलेली इंजेक्शने, गावच्या आशाचा फोन क्रमांक एवढेच असावे. रकाने आधीच छापलेले असले की तिथल्या परिचारिकेने कन्नड बाजूला केलेली खूण इथल्या परिचारिकेला मराठीत वाचता येईल, दोघींनाही एकमेकींची लिपी येण्याची गरज पडणार नाही. सीमाप्रश्न न्यायालयात चालू राहील तेवढ्या काळात दोन्हीकडच्या आरोग्य संचालकांना एक कार्ड छापायला हरकत नसावी. टोळीतील एका लिहित्या-वाचत्या बाईला हंगामाआधी प्रशिक्षण देऊन तिच्याकडे टोळीतील गर्भवतींची कार्डे ठेवता येतील आणि तिला दवाखान्यात सोबत जाता येईल. त्या दिवसाचा खाडा मात्र तिच्या कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या मजुरीवर, पडता कामा नये, ही अट कारखान्यांच्या करारात घालावी लागेल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने या कामात पुढाकार घ्यावा, अशी माझी सूचना आहे.

कार्डांचे काम करायचे तर ते टोळ्या निघण्याआधी व्हायला हवे. एकदा उचल घेऊन ट्रक भरले की कोणती बाई कोणत्या कारखान्यावर आहे, याचा पत्ता उपकेंद्राला लागत नाही. म्हणून गणपतीच्या सुमारास गावोगावी गर्भवतींची यादी करून, दसऱ्यापूर्वी कार्डे हातात पडतील असे नियोजन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी करावे. आपल्या तालुका वार्ताहरांनीही दसऱ्याच्या आठवड्यात एकेका उपकेंद्रावर जाऊन, यादी झाली का आणि कार्डे मिळाली का, एवढे विचारून ते छापावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य साहाय्यिका
अंबाजोगाई, जि. बीड